पाण्याखाली उतरलेला विद्यार्थी: सागरी इतिहासाच्या क्षेत्राभ्यासाची गोष्ट

इ. स. १९६० चा उन्हाळा. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलिदोन्या नावाचे एक खडकाळ भूशिर आहे. तेथे सुमारे २७ मीटर खोल पाण्यात सत्तावीस वर्षांचा एक अमेरिकी संशोधक विद्यार्थी छिन्नी-हातोडी घेऊन समुद्रतळावरील कठीण थर फोडीत होता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्याने पाण्याखाली श्वासही घेतलेला नव्हता. पाणबुडीचे प्राथमिक धडे त्याने फिलाडेल्फियात वाय.एम.सी.ए.च्या वर्गात गिरवले होते. त्याचे नाव जॉर्ज बास. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील त्याची पीएच.डी. अजून पूर्ण व्हायची होती.

बुडालेल्या जहाजांतून वस्तू काढण्याचे काम त्यापूर्वीही होत असे. परंतु प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाने स्वतः तळाशी जाऊन, जमिनीवरील उत्खननाचे सर्व नियम पाळून एक जहाज पूर्णपणे खणून काढावे, हे प्रथमच घडत होते. सागरी इतिहास हा विषय विद्यापीठात कसा आला, त्याला इतक्या निरनिराळ्या शास्त्रांची गरज का पडते आणि भारतातील विद्यार्थ्याला त्यात कोठून शिरता येईल, याविषयीचा हा धागा आहे.

आधी जुनी पद्धत पाहू. १९०० साली ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना ब्राँझचे आणि संगमरवराचे पुतळे दिसले. पुढे ग्रीक नौदलाच्या साहाय्याने ते वर काढण्यात आले. अँटिकिथेरा यंत्र म्हणून आज जगप्रसिद्ध असलेले दातेरी चाकांचे खगोलीय गणकयंत्र याच जहाजातले. पण त्या मोहिमेत विद्वान मंडळी नौकेवर होती आणि पाणबुडे खाली. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी पडली होती, याची नोंद जवळजवळ झालीच नाही.

अर्धशतकाने फ्रान्समध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. मार्सेयजवळच्या ग्राँ कोंग्लुए येथे १९५२ पासून झाक-ईव्ह कुस्तो यांच्या पाणबुड्यांनी हजारो भांडी वर काढली. पाण्याखाली श्वास घेण्याचे नवे साधन हाताशी होते, पैसा होता, प्रसिद्धीही होती. पुरातत्त्वज्ञ फर्नां बन्वा मात्र वर थांबून येईल त्या मालाची नोंद करीत. पुढे मातीच्या भांड्यांचे काळ एकमेकांशी जुळेनात. अनेक वर्षे वाद चालला आणि शेवटी उलगडा झाला की तेथे एकावर एक अशी दोन वेगवेगळ्या काळांतील जहाजे बुडालेली होती. खाली उतरलेल्यांना काय पाहायचे ते ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते ते खाली उतरले नव्हते.

या पार्श्वभूमीवर गेलिदोन्याचे महत्त्व कळते. या जहाजाचा पत्ता विद्यापीठाला लागला तो एका स्पंजवाल्या कप्तानामुळे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पीटर थ्रॉकमॉर्टन हा अमेरिकी पत्रकार बोद्रुम बंदरातील पाणबुड्यांमध्ये मिसळून राहत होता. केमाल आरास या कप्तानाने त्याला बोलता बोलता सांगितले की अमुक ठिकाणी तळाशी धातूचा ढीग आहे आणि पुढच्या खेपेस सुरुंग लावून तो भंगारात विकायचा विचार आहे. थ्रॉकमॉर्टनने त्याला थोपवले, जागा पाहून खात्री केली आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे विनंती केली. तेथील प्राध्यापक रॉडनी यंग यांनी या कामावर आपल्या विद्यार्थ्याला धाडले.

बासची भूमिका साधी होती आणि तेव्हा ती बऱ्याच जणांना हट्टी वाटली: उत्तम पाणबुड्याला पुरातत्त्व शिकवण्यापेक्षा पुरातत्त्वज्ञाला पाणबुडी शिकवणे सोपे आहे. मोहिमेत कुस्तो यांचे अनुभवी सहकारी फ्रेडरिक द्युमा होते, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जोन दु प्लात टेलर होत्या आणि दगडी नांगरांच्या अभ्यासाला ज्यांनी पुढे आयुष्य वाहिले त्या ऑनर फ्रॉस्टही होत्या. समुद्रात शतकानुशतके साचलेल्या चुन्याच्या थरात माल दगडासारखा जखडला गेला होता. त्यामुळे मोठमोठे गठ्ठे तसेच्या तसे फोडून वर आणायचे, किनाऱ्यावर त्यांची तळावरील मूळ मांडणी जुळवायची आणि मग हळूहळू एकेक वस्तू मोकळी करायची, अशी पद्धत बसवण्यात आली.

त्या गठ्ठ्यांतून निघाल्या तांब्याच्या लगडी, ब्राँझची मोडतोड, अवजारे आणि वजने. काळ सुमारे इ. स. पू. १२००. एवढ्यावर हा एका चांगल्या उत्खननाचा अहवाल झाला असता. पण बासने खलाशांच्या खासगी वस्तूंकडे लक्ष दिले. दिवा, मुद्रा, वजने असे जे काही व्यापारी स्वतःसाठी जवळ बाळगतो, ते सारे सिरिया-पॅलेस्टाइन आणि सायप्रसकडचे होते. त्यावरून त्याने १९६७ च्या ग्रंथात निष्कर्ष काढला की ब्राँझयुगातील भूमध्य समुद्रावर केवळ मायसिनी ग्रीकांचे वर्चस्व होते ही रूढ समजूत चुकीची असून पूर्वेकडचे व्यापारी तेथे सर्रास वावरत होते. ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासकांना हे रुचले नाही. परीक्षणे कठोर आली. एका जहाजावरून एवढा मोठा दावा कसा करता, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

उत्तर यायला जवळजवळ दोन दशके लागली, आणि तेही पुन्हा एका स्पंजवाल्याकडूनच आले. दरम्यान बासने १९७३ मध्ये नौकापुरातत्त्वासाठी स्वतंत्र संस्था उभी केली होती आणि १९७६ पासून ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी जोडली गेली. या संस्थेचे लोक दरवर्षी तुर्की किनाऱ्यावरील पाणबुड्यांच्या गावांत जात आणि तांब्याच्या लगडी कशा दिसतात ते त्यांना चित्रांवरून समजावून सांगत. १९८२ मध्ये मेहमेत चाकीर या तरुण पाणबुड्याने आपल्या कप्तानाला सांगितले की खाली कान असलेली धातूची बिस्किटे पडली आहेत. चार टोके बाहेर आलेल्या, ताणलेल्या कातड्यासारख्या दिसणाऱ्या लगडींचे याहून नेमके वर्णन कोणा प्राध्यापकाला साधले नसते.

ती जागा उलुबुरुन. पाणी ४४ मीटरपासून पुढे ६० मीटरच्या आसपास खोल. इतक्या खोलीवर माणूस एका वेळी जेमतेम वीस मिनिटे काम करू शकतो. १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम काम चालले आणि २२,४१३ वेळा पाणबुड्या मारल्या गेल्या. सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेचे गोळे, मातीच्या रांजणांत भरलेली राळ, आफ्रिकेचे काळे लाकूड, बाल्टिककडचा अंबर, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात, आणि इजिप्तची राणी नेफरतिती हिचे नाव कोरलेली सोन्याची छोटी मुद्रा. काळ इ. स. पू. १३०० च्या सुमाराचा. पूर्वेकडील व्यापाऱ्यांविषयीचे बासचे म्हणणे आता सहज झटकून टाकता येण्यासारखे राहिले नाही.

या जहाजाचा अभ्यास कोणी केला, ते पाहण्यासारखे आहे. तांब्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून ते सायप्रसचे असल्याचे भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले. रांजणांत काय होते, ते रसायनशास्त्राने सांगितले. जहाजात सापडलेल्या उंदराच्या जबड्याचा एक तुकडा प्राणिशास्त्रज्ञांनी मोजला आणि तो उंदीर सिरियाच्या किनाऱ्याकडून चढला असावा, असा अंदाज बांधला. फुकट प्रवास करणाऱ्या त्या उंदराने जहाजाच्या मार्गाची साक्ष दिली. आणि उत्खननाची धुरा १९८५ पासून ज्यांनी वाहिली ते जेमाल पुलाक टेक्सासमधल्या याच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. त्यांची १९९६ ची पीएच.डी. गेलिदोन्या आणि उलुबुरुन येथील वजनांवर आहे. कोणत्या देशाच्या मापपद्धतीत ही वजने बसतात, हे काढले की ती वापरणाऱ्या व्यापाऱ्याचा देश कळण्याच्या जवळ जाता येते.

भारतातही हाच प्रश्न जवळजवळ त्याच काळात उभा राहिला, मात्र त्याची सुरुवात पाण्यात न होता कोरड्या जमिनीवर झाली. १९५५ ते १९६२ या काळात शिकारीपुर रंगनाथ राव यांनी गुजरातेत लोथल येथे हडप्पा संस्कृतीचे नगर खणले. त्याच्या पूर्वेस भाजक्या विटांनी बांधलेले, सुमारे २१८ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असे एक कुंड मिळाले. रावांनी त्यास गोदी म्हटले. १९६८ मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी ते सिंचनाचे किंवा पाणी साठवण्याचे तळे असावे असे मांडले. दोन्ही बाजूंकडे विटा त्याच, मोजमापे तीच. विटांकडे कितीही पाहिले तरी वाद मिटण्यासारखा नव्हता.

या वादात नवा पुरावा आला तो गोव्यातील एका प्रयोगशाळेतून. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय दोना पावला येथे आहे. तेथील भूवैज्ञानिक राजीव निगम यांनी कुंडातील गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहतात आणि त्यांची कवचे गाळात टिकून राहतात. गोड्या पाण्याच्या तळ्यात ती सापडण्याचे कारण नाही. लोथलच्या गाळात ती सापडली, म्हणजे भरतीचे पाणी कधीतरी त्या कुंडापर्यंत येत होते. याने गोदी सिद्ध झाली असे म्हणणे घाईचे ठरेल, पण केवळ गोड्या पाण्याच्या तळ्याची कल्पना त्यामुळे पुष्कळ दुबळी झाली.

राव स्वतः सेवानिवृत्तीनंतर याच गोव्याच्या संस्थेत आले आणि १९८१ मध्ये तेथे सागरी पुरातत्त्वाचे केंद्र सुरू झाले. आपल्याकडे सेवानिवृत्ती म्हणजे आठवणी लिहिण्याचा काळ. या गृहस्थांनी साठीच्या उंबरठ्यावर नवे शास्त्र देशात रुजवायला घेतले. १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध सुरू झाला. उथळ पाण्यात घडीव दगड, बांधकामाचे अवशेष आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर मिळाले.

रावांनी या अवशेषांचा संबंध महाभारतातील द्वारकेशी जोडला आणि काळ सुमारे इ. स. पू. १५०० चा मानला. वृत्तपत्रांना हेच हवे होते. मात्र त्याच संस्थेतील पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी नांगरांकडे बारकाईने पाहिले. वर एक गोल भोक, खाली काटकोनात दोन चौकोनी भोके, आणि वर निमुळता होत जाणारा लांब दगड. हा घाट ओमान, इराण, पूर्व आफ्रिका असा अरबी समुद्राच्या चहूबाजूंना मध्ययुगात वापरात होता आणि अभ्यासक त्याला इंडो-अरेबियन प्रकार म्हणतात. म्हणजे द्वारकेच्या तळाशी जे पडले आहे त्यातील बराच भाग एका गजबजलेल्या ऐतिहासिक बंदराचा आहे. पुराणकथेच्या शोधात गेलेल्यांना एका खऱ्याखुऱ्या बंदराचा पत्ता लागला, ही गोष्ट तिच्या वाट्याला आली त्याहून अधिक कौतुकास पात्र होती.

याउलट उदाहरण खंबातच्या आखाताचे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने सोनारच्या साहाय्याने तेथील तळाची चित्रे घेतली. त्यांत काटकोनी आकृती दिसल्या. यंत्राने तळ उपसून काही वस्तू वर आणल्या गेल्या, त्यांतील लाकडाच्या एका तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले आणि जगातील सर्वांत जुने नगर सापडल्याची घोषणा झाली. लाकूड जुने असेलही. पण जोरदार भरती-ओहोटीच्या त्या आखातात नद्यांनी वाहून आणलेला गाळ सतत हलत असतो. तो तुकडा तेथलाच की वाहत आलेला, कोणत्या थरातला, कोणत्या वस्तूच्या सोबतचा, हे सांगणारा कोणीही खाली उतरला नव्हता. ग्राँ कोंग्लुएची चूक पन्नास वर्षांनी अधिक महाग यंत्रे वापरून पुन्हा झाली. आजही समाजमाध्यमांवर ते नगर दर काही महिन्यांनी नव्याने सापडत असते.

गोव्याच्या पाण्यात झालेले काम कमी गाजले आणि अधिक टिकले. सुंची रीफ येथे सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि मार्तबान रांजणांची खापरे. मार्तबान हे ब्रह्मदेशातील बंदर. हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात, तो शब्द या बंदरावरूनच आलेला. आफ्रिकेचे दात आणि चीनची भांडी गोव्याच्या एकाच खडकावर येऊन पडली, यातच पोर्तुगीज व्यापाराचा नकाशा दिसतो.

सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजातून तर घरावरची कौले निघाली. त्यांवर बाझल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटवलेले. कोकणातील ज्या घरांत मंगलोरी कौले आहेत, तेथे अशी अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. मात्र येथे नवशिक्या अभ्यासकाची कसोटी लागते. १८६५ हे जहाज बुडाल्याचे वर्ष नव्हे. मंगळूरचा कारखानाच त्या वर्षी सुरू झाला. म्हणून जहाज त्यानंतर केव्हातरी बुडाले, एवढेच त्या कौलावरून म्हणता येते.

आतापर्यंत पाण्यात बुडी मारणाऱ्यांचीच चर्चा झाली. पण ज्याला पोहता येत नाही त्यालाही सागरी इतिहासाचा अभ्यासक होता येते, आणि याचा सर्वोत्तम दाखला पुण्यात मिळतो. समुद्रापासून दूर कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४० च्या दशकातील उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली. पंचगंगेच्या काठी ती आली कशी? बंदरे, घाट आणि बाजारपेठा यांची साखळी समजल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही. सागरी इतिहास किनाऱ्यावर संपत नाही, तो घाट चढून देशावर येतो.

या साखळीचा एक दुवा डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी शोधला. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांना पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे आतल्या बाजूला बारीक दातेरी चक्राकार नक्षी असलेली भांडी मिळाली आणि त्यांनी तिचा संबंध भूमध्य समुद्राकडे लावला. रोमचा व्यापार म्हटला की सगळे चांगले ते रोमहून आले, असे तेव्हा गृहीतच धरले जाई. गोगटे रसायनाचे अभ्यासक. त्यांनी क्ष-किरण विवर्तनाने या खापरांतील माती तपासली आणि १९९७ मध्ये मांडले की ती बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक परिसराच्या मातीशी जुळते. तशीच भांडी आग्नेय आशियातही सापडतात. म्हणजे ज्या भांड्याला रोमचे पाहुणे समजले जात होते, ते बंगालच्या उपसागरातील भारतीय व्यापाराचे स्थानिक मापट निघाले. हे मत सर्वांनी जसेच्या तसे स्वीकारले असे नाही, पण चर्चेची दिशा बदलली.

गोगटे यांनीच पुढे रायगड जिल्ह्यातील चौल येथे उत्खनन करून तेथील प्राचीन बंदराचे पुरावे उजेडात आणले. इ. स. च्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात सेमिल्ला म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो ते चौल मानले जाते. कुंडलिकेच्या मुखाशी आज नारळी-पोफळींच्या बागा आहेत. खाड्या गाळाने भरल्या, किनारा सरकला, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर आता कोणाच्या तरी वाडीत आहे. अशा ठिकाणी भूगोल, गाळाचा अभ्यास आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांचा मेळ घालावा लागतो. जुन्या बंदराच्या जागेची नावे अनेकदा नकाशात नसतात, ती वाडीतल्या वृद्धांच्या तोंडी असतात.

मराठी विद्यार्थ्यापाशी आणखी एक भांडवल आहे आणि त्याची किंमत बहुतेकांना ठाऊक नसते. आंग्रे, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्या समुद्रावरील संबंधांची साधने मोडी आणि पोर्तुगीज या दोन लिप्या-भाषांत विभागली गेली आहेत. पुण्याचे पेशवे दफ्तर आणि पणजीचा पुराभिलेख विभाग यांच्यामध्ये एक रात्रीचा प्रवास आहे, पण दोन्ही ठिकाणी बसून वाचू शकणारे अभ्यासक मोजकेच झाले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास समोर आणला, त्याला कित्येक दशके झाली. गलबते आणि गुराबांची बांधणी, दस्तकांचे व्यवहार, खलाशांचे पगार, लाकूडतोडीचे हिशेब अशा विषयांना अजून वाचक हवेत. मोडी शिकण्यासाठी ऑक्सिजनची नळकांडी लागत नाहीत.

नौकानयनाची देशी विद्या हा असाच बाजूला राहिलेला प्रांत. मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी लक्षद्वीपच्या आणि पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या नावाड्यांच्या पोथ्या, ताऱ्यांची गणिते आणि कमाल नावाचे साधन यांचा अभ्यास केला. कमाल म्हणजे गाठी मारलेल्या दोरीला बांधलेली लाकडी फळी. दोरी दातांत धरून फळीच्या कडा क्षितिज आणि ध्रुव यांच्याशी जुळवायच्या आणि कितव्या गाठीवर ते जमले यावरून बंदराचे अक्षांश ओळखायचे. त्यांचा ग्रंथ मुंबईच्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये ही संस्था मनोहर आवटी यांनी स्थापन केली, ज्यांच्या प्रेरणेने पुढे भारतीय नौदलाची शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा घडली.

अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आयएनएसव्ही कौंडिण्य. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एक शिडाचे जहाज आहे. चित्र पाचव्या शतकातील, आराखडा नाही, मोजमाप नाही. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील एक नौकाबांधणी कंपनी यांच्यात करार झाला आणि खिळे न ठोकता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाज बांधण्यात आले. शिवणीची विद्या केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हातात होती. हे जहाज पाण्यात कसे वागेल, याच्या चाचण्या आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने केल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. चित्रकलेचा इतिहास, अभियांत्रिकी आणि सुताराचा हात यांपैकी एक जरी वगळला असता, तरी हे जहाज तरंगले नसते.

मग आज पदवी हाती असलेल्या तरुणाने जावे कोठे? पुरातत्त्वाचा पाया घालण्यासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठात सागरी इतिहास आणि सागरी पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग आहे. भूशास्त्र, रसायन किंवा जीवशास्त्र शिकलेल्यांसाठी गोव्याची समुद्रविज्ञान संस्था हे अधिक स्वाभाविक ठिकाण. ज्यांना जहाजाच्या बांधणीचाच अभ्यास करायचा आहे ते टेक्सास किंवा इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे जातात, तर अलेक्झांड्रिया विद्यापीठातही या विषयाचे केंद्र उभे राहिले आहे. परदेशी शिक्षणाचा खर्च मोठा आहे हे लपवण्यात अर्थ नाही, आणि या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत हेही तितकेच खरे. म्हणून आधी एखादे दुसरे शास्त्र पक्के करून मग समुद्राकडे वळणे शहाणपणाचे ठरते. गाळ ओळखणारा, लाकूड ओळखणारा किंवा जुनी पोर्तुगीज वाचणारा माणूस कोणत्याही मोहिमेला हवा असतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालील शाखा २००१ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात ती बरीच थंडावली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांची तुकडी द्वारकेच्या समुद्रात पुन्हा उतरली आणि त्या पाचांत तिघी स्त्रिया होत्या. ज्या देशाला साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, तेथे पाण्याखाली उतरू शकणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची संख्या बोटांवर मोजण्याजोगी असावी, ही परिस्थिती बदलायला वेळही फार उरलेला नाही. नवी बंदरे होत आहेत, खाड्यांचा गाळ उपसला जात आहे, तळ खरवडणारी जाळी ओढली जात आहेत. तळाची मांडणी एकदा मोडली की कितीही समस्थानिके मोजली तरी ती परत जुळत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर क्षेत्राभ्यासाचा हंगाम पावसाळ्यानंतर, पाणी निवळले की सुरू होतो. पहिल्या हंगामासाठी समुद्रात उतरण्याची गरज नाही. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग परिसरात इंडो-अरेबियन प्रकारचे दगडी नांगर नोंदले गेले आहेत, आणि असे दगड किनाऱ्यावर इतर कामांसाठी पुन्हा वापरलेलेही आढळतात. तीन भोके असलेला लांबट घडीव दगड एखाद्या पायरीत, बांधात किंवा देवळाच्या आवारात दिसला, तर तो हलवू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंनी छायाचित्र घ्यावे, भोकांची मापे आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत, दगड काळा कातळ आहे की आणखी काही ते पाहावे, आणि तो कोठून आला, घरातले त्याला काय म्हणतात, हे तेथील माणसांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.